बर्फावरची चार मिनिटं



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आल्यावर काही मंडळींनी संयोजकांना विचारलं म्हणे, की आपल्या गावात गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे बर्फ दिसत नाही, मग फिगर स्केटिंगचं संगीत कोणाला ऐकवणार? शंका रास्त आहे. मीही स्केट पायात घातलेले नाहीत. माझं काम संगीताबद्दल लिहिण्याचं. या खेळाकडे मी वळलो तो कानामुळे. ओळखीची एखादी रचना कोणीतरी कापतं, जोडतं, चार मिनिटांत बसवतं आणि तिच्यावर पात्यांनी वळणं काढत जातं, तेव्हा त्या रचनेतलं असं काही ऐकू येतं जे मैफलीत आपल्याकडून निसटलेलं असतं. पुष्कळदा उलटही होतं. आवडत्या रचनेचे असे तुकडे केलेले असतात की उठून टीव्ही बंद करावासा वाटतो. असं का होतं, कधी होतं, हे आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आधी चौकट समजून घेऊ. ऑलिंपिकची रिंक साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. एकेरीत दोन फेऱ्या. पहिली, शॉर्ट प्रोग्रॅम, २ मिनिटं ४० सेकंदांची. दुसरी, फ्री स्केट, ४ मिनिटांची. दोन्हींत १० सेकंद इकडेतिकडे चालतात. त्याहून जास्त झालं की गुण कापले जातात. या चार मिनिटांत काय करायचं तेही बव्हंशी ठरलेलं. २०१८ नंतरच्या नियमांत फ्री स्केटला उड्यांच्या सात संधी, तीन गिरक्या, पदन्यासाची एक मालिका, आणि ‘कोरिओग्राफिक सीक्वेन्स’ नावाचा एक तुकडा, ज्यात स्केटरला थोडं स्वातंत्र्य. आइस डान्समध्ये मोठ्या उड्या नाहीतच, आणि पुरुषानं जोडीदारणीला डोक्यावर हात ताणून उचललेलंही चालत नाही. तिथल्या पहिल्या फेरीसाठी दर मोसमाला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना विषय किंवा ताल नेमून देते. २०२३-२४ साठी १९८० चं दशक दिलं होतं.

म्हणजे मैदानात उतरण्याआधीच निम्म्याहून अधिक गोष्टी दुसऱ्यानं ठरवलेल्या असतात. म्हणून संगीत निवडताना आणि त्यावर रचना बसवताना खरा प्रश्न एकच असतो, असं मला वाटतं: नियमपुस्तक जे करायला लावतं आहे, ते या संगीताला हवं होतं असं दिसेल का? उडी मारायचीच आहे. पण ती आत्ताच का मारली, याचं उत्तर ऑर्केस्ट्रातून आलं पाहिजे. ते आलं नाही तर पाहणाऱ्याला हिशेब दिसतो. पुढे ज्या कामगिऱ्यांबद्दल बोलणार आहे त्या सगळ्यांना मी हेच एक माप लावून पाहिलं आहे.

स्केटिंगला संगीत पहिल्यापासून होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले सभ्य गृहस्थ ताठ अंगानं बर्फावर आकृत्या काढत. जॅक्सन हेन्स हा बॅले जाणणारा अमेरिकन १८६० च्या दशकात व्हिएन्नात आला आणि वॉल्ट्झवर स्केटिंग करू लागला, तिथून वारं फिरलं. तरी आकृत्यांचा जाच संपायला १९९० साल उजाडलं. तोवर जागतिक स्पर्धेत स्केटर एका पायावर वर्तुळं गिरवत, परीक्षक वाकून रेषा तपासत, आणि या सगळ्याला साथीला एक सूरही नसे.

आता बर्फाची स्वतःची मागणी. स्केटच्या पात्याला खाली बारीक खोबण असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. स्केटर सरळ जातच नाही म्हटलं तरी चालेल. तो सतत कोणत्या तरी कडेवर कललेला असतो आणि वळणाची रेघ काढत असतो. एका जोरात कितीतरी मीटर निघून जातो, आणि त्या वेळात पाऊल बदलायची गरज नसते. जमिनीवरच्या नाचात दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामी असते. बर्फावर ती जागा चालूच राहते. म्हणून लांब श्वासाचे सूर, तारवाद्यांवर ओढलेली धून, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाणारी चाल बर्फाला सहज मानवते. नुसता दणदणीत ठेका मात्र कठीण जातो, कारण पाय आपटायची सोय नाही. स्टेडियमच्या घुमणाऱ्या आवाजात बारीक वाद्यकाम विरघळून जातं, हे वेगळंच.

आणि एक मोठी अडचण, जी आपल्याकडच्या नृत्य पाहणाऱ्यांना पटकन कळेल. कथकमध्ये नर्तिका तिहाई घेते, समेवर येते. चुकून एखादी मात्रा घसरली तर लेहरा पुन्हा फिरून येतोच, तबलजी सांभाळून घेतो, पुढच्या समेला सगळे एकत्र भेटतात. लावणीत ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते. बर्फावर असं सांभाळून घेणारं कोणी नाही. संगीत ध्वनिमुद्रित. पडलात तर पडलात. तुम्ही उठेपर्यंत चार आवर्तनं निघून गेलेली असतात. चौपट फिरकीच्या उडीत माणूस हवेत पाऊण सेकंदसुद्धा धड नसतो, पण तिच्या तयारीला मागं मागं जात लांब वळण घ्यावं लागतं. त्या तयारीखाली संगीत चढत गेलं आणि पाय टेकताना ठोका पडला, तर समेवर आल्याचं सुख मिळतं. तयारीच्या वेळी ओळ संपून गेली असेल तर काही सेकंद आपण नुसती वाट पाहणारा माणूस पाहतो. जाणता नृत्यदिग्दर्शक आणखी एक करतो: अवघड उडीनंतर थोडी ढिलाई ठेवतो. उडी साधली तर तिथे हाताचा एखादा विस्तार, नाही साधली तर उठून संगीताला गाठायला दोन श्वास. प्रेक्षकाला ही जागा कधीच कळू नये.

या मापानं पाहिलं तर सर्वात मोठं उदाहरण अजूनही १४ फेब्रुवारी १९८४ चंच. सारायेव्हो ऑलिंपिकची झेट्रा रिंक, ब्रिटनची जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन ही जोडी. ती विमा कंपनीत कारकून होती, तो नॉटिंगहॅममध्ये पोलीस. संगीत मोरिस राव्हेलचं ‘बोलेरो’.

ही निवड केवढी अडचणीची होती ते पाहा. राव्हेलनं १९२८ मध्ये ही रचना इदा रुबिनस्टाइन या नर्तिकेसाठी केली. वाजवायला पाव तासाच्या आसपास वेळ लागतो. छोट्या ड्रमवर एकच ताल, पहिल्यापासून शेवटपर्यंत न बदलणारा. वर दोन धून आलटूनपालटून येतात. वाद्यं बदलतात, आवाज वाढत जातो, आणि अगदी शेवटी स्वरपीठ उडी घेतं तेव्हा इतका वेळ कोंडलेलं सगळं फुटतं. त्या काळी आइस डान्सच्या फ्री डान्सला तीन-चार निरनिराळ्या गतींचे तुकडे जोडण्याची रीत होती: एक जलद, एक संथ, पुन्हा जलद. स्केटरला दम घ्यायला मिळे, परीक्षकांना विविधता दिसे. टॉर्विल-डीन यांनी एकच रचना घेतली, एकाच गतीची. आणि ‘बोलेरो’ मधून कापता येत नाही. मधला तुकडा काढला तर चढण तुटते. पायऱ्या गाळून जिना चढल्यासारखं होतं. संगीताची मांडणी करणाऱ्यानं सांगितलं, ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली हे येणार नाही. नियमाची मर्यादा होती ४ मिनिटं १० सेकंद.

अठरा सेकंद जास्त. सामान्य माणूस दुसरं संगीत शोधेल. यांनी नियम पुन्हा वाचला. घड्याळ सुरू होणार होतं ते स्केटिंग सुरू झाल्यावर, म्हणजे पातं बर्फाला लागल्यावर. मग ती दोघं बर्फावर गुडघ्यांवर बसली. समोरासमोर, नुसती धडानं आणि हातांनी झुलत राहिली. ड्रम वाजतो आहे, बासरी सुरू झाली आहे, आणि पाती अजून बर्फाला लागलेलीच नाहीत. मग ती उठली. पुढची चार मिनिटं कोणी विसरलेलं नाही. कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले, तांत्रिक बाजूसाठी त्यांच्यातल्याच तिघांनी. एकूण बारा वेळा पूर्ण गुण.

आज ती सुरुवात पाहताना पळवाट आठवतच नाही. असं वाटतं, या संगीताला गुडघ्यांवरूनच सुरुवात व्हायला हवी होती. ज्या रचनेचा सगळा अर्थ कोंडलेल्या ताकदीत आहे, तिच्यात आधी हालचाल रोखून धरणं हेच बरोबर. डीननं मनाशी गोष्टही बांधली होती: एकत्र राहता न येणारे दोन प्रेमिक ज्वालामुखी चढत जातात आणि शेवटी स्वतःला झोकून देतात. गोष्ट म्हणून ती मला थोडी भडक वाटते, पण रचनेला तिचा उपयोग झाला, कारण शेवटच्या ठोक्याला दोघांनी बर्फावर कोसळायचं कारण तिनं पुरवलं.

आता एवढ्या उंचीवरून थोडं खाली येऊ. ‘कारमेन’, ‘शेहेराझाद’, ‘तोस्का’, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ ही नावं स्केटिंग पाहणाऱ्याला इतकी पाठ असतात की पहिल्या दोन स्वरांत सुस्कारा निघतो. १९८८ मध्ये कॅलगरी ऑलिंपिकला पूर्व जर्मनीच्या कातारीना विट आणि अमेरिकेच्या डेबी थॉमस दोघींनी बिझेची ‘कारमेन’ च घेतली होती. विट जिंकली, तिची कारमेन शेवटी बर्फावर मरून पडते. हे पुन्हा पुन्हा का होतं, यावर टीकाकार आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे होतात. मला तसं वाटत नाही. या रचनांत जलद आणि संथ भाग आधीच तयार आहेत, चढण तयार आहे, आणि परीक्षकाला गोष्ट ठाऊक असल्यामुळे पहिलं मिनिट ओळख करून देण्यात जात नाही. चार मिनिटांच्या माणसाला एक मिनिट फुकट मिळणं ही थोडी गोष्ट नाही. तक्रार करायचीच तर ती जोडकामाची करावी. संथ भाग संपत आला की झांजांचा एक खणखणाट घालायचा आणि पलीकडे वेगळ्याच स्वरात, वेगळ्याच गतीत दुसरा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळं सहज ऐकू येतात.

ठिगळ दिसत नसतानाही हिशेब दिसू शकतो. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये अलिना झागितोवानं मिंकुसच्या ‘डॉन किहोते’ या बॅलेच्या संगीतावर फ्री स्केट केलं. तेव्हा दुसऱ्या अर्ध्या भागात घेतलेल्या उड्यांना दहा टक्के जादा गुण मिळत, कारण पाय थकलेले असतात. तिच्या संघानं सगळ्याच्या सगळ्या उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या. पहिली दोन मिनिटं हात, पदन्यास, गिरक्या. मग उड्यांची माळ. तिला आणि ‘ॲना कारेनिना’ वर स्केटिंग करणाऱ्या येवगेनिया मेदवेदेवाला फ्री स्केटमध्ये अगदी सारखे, १५६.६५ गुण पडले. सुवर्ण झागितोवाला मिळालं ते शॉर्ट प्रोग्रॅममधल्या आघाडीवर. तिनं केलं ते नियमात बसणारं होतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला ते पेलणं थक्क करणारं होतं. पण डोळे मिटून ‘डॉन किहोते’ ऐका: हे संगीत पहिल्यापासून उड्या मारतं आहे. त्याच्यावर दोन मिनिटं जमिनीलगत राहायचं कारण गुणपत्रिकेत सापडतं, मिंकुसमध्ये नाही. त्यानंतर नियम बदलला. आता फ्री स्केटमध्ये दुसऱ्या अर्ध्यातल्या फक्त शेवटच्या तीन उड्यांना तो लाभ मिळतो.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. २००९-१० च्या मोसमात आइस डान्सच्या ‘ओरिजिनल डान्स’ या फेरीसाठी लोकनृत्य हा विषय दिला होता. मिशिगनमध्ये सराव करणाऱ्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीनं ‘बंटी और बबली’ मधलं ‘कजरा रे’ आणि ‘देवदास’ मधली ‘सिलसिला ये चाहत का’ व ‘डोला रे डोला’ अशी तीन गाणी घेतली. मिशिगनमधल्याच एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन ती दोघं हे नाच शिकली.

कोणी म्हणेल, ‘डोला रे’ लोकनृत्य कधीपासून झालं? ते सरोज खान यांनी सिनेमासाठी बसवलेलं आहे, आणि ‘कजरा रे’ वैभवी मर्चंट यांनी. आक्षेप तसा खरा आहे. कोळीनृत्य किंवा गरबा घेतला असता तर मला जास्त आवडलं असतं. पण निवड का जमली हे पाहण्यासारखं आहे. मघाशी म्हटलं, बर्फावर पाय आपटता येत नाही. म्हणजे आपल्या नाचातला निम्मा जीव, घुंगरांचा, टाचेचा, सुरुवातीलाच गेला. पण हिंदी सिनेमाचा नाच कॅमेऱ्याच्या जवळच्या नजरेसाठी घडलेला आहे. त्याचा मोठा भाग कमरेच्या वर राहतो: मान, भुवई, खांदा, मनगट. खाली पाती आपलं वळण काढत राहिली तरी वरचं शरीर ‘कजरा रे’ च म्हणत राहू शकतं. आणि जलद जागी पदन्यास बर्फात खोदल्यासारखा बारीक झाला की ढोलकीच्या बोलांशी तो जुळतो. लेहंग्यातली डेव्हिस मान हलवते तेव्हा ती नक्कल करते आहे असं वाटत नाही. शिकून आलेली वाटते. व्हँकुव्हर ऑलिंपिकला त्यांना रौप्य मिळालं. सुवर्ण मिळालं त्यांच्याच रिंकवर, त्याच प्रशिक्षकांकडे सराव करणाऱ्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोअर या कॅनडाच्या जोडीला. त्यांनी फ्लामेंको घेतला होता.

त्याच फेरीत, त्याच विषयावर उलटं उदाहरणही घडलं. रशियाची ओक्साना डोमनिना आणि मॅक्सिम शाबालिन ही जोडी तेव्हाची विश्वविजेती. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच म्हणून एक रचना आणली: अंगावर रंगाचे पट्टे, कपड्यांवर पानं, संगीतात डिजरिडू. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी जाहीर आक्षेप घेतला. जोडीनं पोशाख आणि रंग थोडे सौम्य केले, रचना तीच ठेवली, आणि कांस्य घेतलं. शिष्टाचाराचा मुद्दा तर आहेच, पण माझी तक्रार संगीतापासूनच सुरू होते. डिजरिडूचा सूर एका जागी ठाण मांडून बसणारा, जमिनीला धरून राहणारा. त्यावर जोडीनं काय केलं, तर नेहमीचं स्केटिंग, आणि मधूनमधून पर्यटकाच्या कल्पनेतले हातवारे. नाच शिकायला कोणाकडे गेलं की त्या नाचाला काय चालत नाही तेही कळतं. इथे ते कळलेलं दिसत नाही.

स्वतःच्या परंपरेतून निवडणाऱ्याचंही काम सोपं नसतं. जपानच्या युझुरु हान्यूनं ‘सेइमेइ’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये आणला. संगीत २००१ च्या ‘ओन्म्योजी’ या जपानी चित्रपटातलं, शिगेरु उमेबायाशी यांचं. नृत्यदिग्दर्शन कॅनडाच्या शे-लिन बॉर्न यांचं. त्या चित्रपटात आबे नो सेइमेइ या मांत्रिकाची भूमिका क्योगेन रंगभूमीवरचे नट मानसाई नोमुरा यांनी केली होती. हान्यू त्यांना भेटला, भूमिकेबद्दल बोलला. बासरी आणि ढोल यांच्यामध्ये या संगीतात शांततेच्या जागा आहेत, आणि हान्यू त्या भरून काढत नाही. हात उचलून थांबतो. पाती मात्र जात राहतात. शरीर थांबलेलं आणि माणूस चाललेला, हे दृश्य जमिनीवर घडूच शकत नाही. घोट्याच्या दुखापतीतून उठून त्यानं २०१८ मध्ये याच रचनेवर दुसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं; पुरुषांमध्ये लागोपाठ दोन सुवर्णं त्याआधी डिक बटननं १९४८ आणि १९५२ मध्ये घेतली होती.

२०१८ मध्येच पुरुषांचं फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चारवर आलं आणि एक उडी कमी झाली. २०२० च्या फेब्रुवारीत सोलच्या स्पर्धेसाठी हान्यूनं मोसमाच्या मध्येच चालू कार्यक्रम टाकून ‘सेइमेइ’ परत काढला. आता तो अर्ध्या मिनिटानं कापावा लागला. दोन्ही चित्रफिती लागोपाठ पाहा. तीस सेकंद काय करतात ते कळतं. स्पर्धा तो जिंकला. मला मूळ लांबीचा ‘सेइमेइ’ जास्त प्रिय आहे, कारण कात्री आधी शांततेवर चालते.

गाण्यातल्या शब्दांबद्दल थोडक्यात. आइस डान्सला शब्द असलेलं गाणं १९९७-९८ पासून चालतं, एकेरी आणि जोडी स्केटिंगला २०१४-१५ पासून. माझ्या मते यानं नृत्यदिग्दर्शकांना आळस लावला. गाण्यात हृदय आलं की हात छातीवर, आकाश आलं की वर. शब्द न घेताही शब्दांचं काम होतं, याला साक्ष आहे. १९९४ मध्ये लिलेहॅमर ऑलिंपिकला कातारीना विट पुन्हा उतरली तेव्हा सारायेव्होला वेढा पडलेला होता. दहा वर्षांपूर्वी तिनं पहिलं सुवर्ण त्याच शहरात जिंकलं होतं. तिनं पीट सीगरच्या प्रसिद्ध युद्धविरोधी गाण्याची नुसती धून घेतली. उड्या फारशा मोठ्या नव्हत्या, क्रमांक सातवा आला. निवड गुणांसाठी नव्हतीच.

आजकाल मात्र निवडीचा पहिला प्रश्न वकिलाकडे जातो. बीजिंग २०२२ ऑलिंपिकमध्ये एका अमेरिकन जोडीनं ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ च्या ज्या आवृत्तीवर स्केटिंग केलं, तिच्या वादकांनी परवानगीवाचून वापर झाला म्हणून दावा लावला. तेव्हापासून परवानग्यांचा धसका मोठा आहे. शास्त्रीय रचना जुनी असली तरी तिचं ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचं असतं. आणि या भीतीतून जे निघालं ते मला फारसं रुचत नाही. २०२५-२६ साठी रिदम डान्सला, म्हणजे आइस डान्सच्या पहिल्या फेरीला, १९९० च्या दशकाचा विषय होता. चेक प्रजासत्ताकाच्या एका भावाबहिणीच्या जोडीनं त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं गाणं वापरलं. नियमात तशी मनाई नाही. त्या दशकातली शेकडो गाणी उपलब्ध असताना, त्यांच्यासारखं वाटेल असं एक गाणं यंत्राकडून करवून घेतलं गेलं.

अशा गाण्याला कोणत्याही लांबीचं करून मागता येतं. २ मिनिटं ५० सेकंद म्हटलं की तेवढंच येतं, ठरलेल्या जागी चढण हवी म्हटली की तीही. कापायला काही नाही, अठरा सेकंद जास्त होण्याचा प्रश्न नाही. नृत्यदिग्दर्शकाचं काम यानं सोपं होईल असं काहींना वाटतं. मला वाटतं, त्याचं निम्मं काम यात नाहीसं होतं, आणि ते निम्मं काम कोणतं, हे पुढच्या काही मोसमांत बर्फावर दिसेलच.